बिनपायांचा प्रवासी

नरकचतुर्दशीची पहाट होती. मारेगावला ताईच्या घरी अंगाला तेल-उटणे लावून मी न्हाणीघराच्या दाराशी कुडकुडत उभा होतो. तेवढ्यात आमचे भाऊजी शेताकडून आले आणि त्यांनी माझ्या हातात तुरीची एक डहाळी ठेवली. दिवाळीच्या पहाटे शेतात कोण जाते, असे तुम्ही विचाराल. ज्यांची कपाशी फुटलेली असते आणि तूर फुलावर आलेली असते, ते जातात. आणि परत आल्यावर फराळाच्या आधी पाहुण्याला अळी दाखवतात.

डहाळीच्या अगदी शेंड्यावर ती अळी मागच्या पायांनी घट्ट धरून, डोके खाली करून लोंबकळत होती. रंग काळपट, अंग फुगलेले, कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ. मी नुसते बोट लावले मात्र, ती फुटली आणि तपकिरी पाण्याचा ओघळ माझ्या उटणे लावलेल्या मनगटावरून कोपरापर्यंत गेला. ताई आतून जे काही म्हणाली ते सणाच्या दिवशी लिहिण्यासारखे नाही.

"मास्तर," भाऊजी म्हणाले, "हे कायच्यानं मेली? मी तं अवंदा तुरीवर फवारा मारलाच नाही."

तीस वर्षे पुण्याच्या एका शाळेत जीवशास्त्र शिकवल्यामुळे सासर-माहेर दोन्हीकडे मी 'मास्तर' आहे, आणि या सदराच्या वाचकांनाही ते ठाऊक आहे. पण भाऊजींच्या प्रश्नातला दुसरा भाग मला पहिल्यापेक्षा जड वाटला. फवारा मारलाच नाही, हे ते अभिमानाने सांगत नव्हते. कबुली दिल्यासारखे सांगत होते.

२०१७ चा पावसाळा यवतमाळ जिल्ह्यातला शेतकरी विसरणार नाही. त्या साली कपाशी माणसाच्या डोक्याएवढी वाढली होती, आणि तीत शिरून औषध फवारणाऱ्या माणसांना विषबाधा झाली. एकट्या या जिल्ह्यात वीसएक माणसे दगावली, शेकडो दवाखान्यांत पडली. भाऊजींचा सालगडी त्यांतलाच. दुपारी फवारून आला, संध्याकाळी त्याला समोरचा दिवा अंधूक दिसू लागला, रात्री उलट्या सुरू झाल्या. आठ दिवस दवाखान्यात काढून तो परत आला खरा, पण त्याने पुन्हा पंपाला हात लावला नाही. दर पाडव्याला साल धरताना तो एवढी एकच अट घालतो: सगळे काम करीन, फवारणी सांगू नका. भाऊजींनी ती अट मोडली नाही. स्वतःच पंप पाठीवर घ्यायचा, आणि घेताना हात थरथरायचा, असे ताईने मला मागे सांगितले होते. तेव्हा विष न मारता अळी मेली, ही या घरातली लहान बातमी नव्हती.

आंघोळ झाली, फराळाची ताटे ओसरीवर आली आणि मी शिकवणीला बसलो.

ही अळी आपली नेहमीची घाटेअळी. हरभऱ्याचे घाटे खाते म्हणून घाटेअळी, कपाशीवर आली की तिलाच हिरवी बोंडअळी म्हणायचे. शास्त्रातले नाव हेलिकोव्हर्पा आर्मिजेरा. तिला मारणारा विषाणू फक्त तिच्याच वाटेला जातो. कृषी खात्याची माणसे त्याला एच.ए.एन.पी.व्ही. म्हणतात. तो पानावर पडलेला असतो, पण मोकळा नसतो. मी ताटातला बेसनाचा लाडू उचलून फोडला. आत बेदाणे होते. म्हटले, हे बेदाणे म्हणजे विषाणू आणि सभोवतालचे बेसन म्हणजे पॉलिहेड्रिन नावाचे प्रथिन. मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यांतल्या एकदोन भागांएवढा हा लाडू; साध्या सूक्ष्मदर्शकातूनही दिसतो. पाऊस, धूळ, मातीतला मुक्काम, सगळे तो सोसतो. पान खाताना अळी तो गिळते. आपल्या पोटात आंबट रस असतो, अळीच्या पोटात उलटे, पापडखाराच्या पाण्यासारखा खार असतो. त्या खारात लाडू विरघळतो आणि बेदाणे सुटतात.

"मंग आमच्या पोटात गेला तं?" भाऊजींनी विचारले.

पोटात गेला तरी माणसाच्या पेशीत तो वाढू शकत नाही, असे मी सांगितले. भाऊजींनी लाडवाचा उरलेला अर्धा भाग माझ्या हातून घेऊन खाल्ला, तेव्हा पटले असे मी समजलो.

आता पुढची हकीकत. खरे तर मला तीच सांगायची होती, कारण इतकी वर्षे शिकवूनही ती मला नीट ठाऊक नव्हती. आमच्या पाठ्यपुस्तकात विषाणू पेशीत 'शिरतो', 'वाढतो' आणि 'बाहेर पडतो' अशी तीन क्रियापदे होती. मुलांनी ती पाठ केली, मीही केली. कसा शिरतो, कोण त्याला नेतो, हे कोणी विचारले नाही. विषाणूला ना पाय, ना शेपूट, ना वल्हे. हा जो विषाणू आहे त्याची बांधणी कांडीसारखी: लांबी मिलिमीटरच्या तीन-साडेतीन हजाराव्या भागाएवढी. लहान वाटते, पण पेशीच्या आतल्या गर्दीच्या मानाने तो भलताच मोठा ऐवज आहे. वणीच्या बाजारात ऐन हंगामात कापसाच्या गाड्यांची रीघ लागते, त्या गर्दीतून एखाद्याने बाभळीचे खोड आडवे धरून जायचे म्हटले तर काय होईल? तिथल्या तिथे अडकेल. पेशीतही साखर, क्षार यांसारखे लहान रेणू वाहत वाहत कुठेही पोचतात, कांडी पोचत नाही. आणि तिला जायचे असते मधोमध, केंद्रकात.

ती जाते कशी? कांडीच्या एका टोकाला एक प्रथिन बसवलेले असते. त्याला नाव मोठे रुक्ष दिले आहे: पी-७८/८३. पेशीत अ‍ॅक्टिन नावाचे प्रथिन मुबलक असते. आपल्या स्नायूंत जे आकुंचनाच्या कामी येते तेच. त्याचे सुटे मणी एकमेकांना जोडून धागे होतात, आणि कुठे धागा सुरू करायचा हे पेशी आपल्या कारभाऱ्यांकरवी ठरवते. पी-७८/८३ हे प्रथिन हुबेहूब अशा एका कारभाऱ्यासारखे बोलते. 'इथे धागा ओवा' असा हुकूम ते सोडते, आणि पेशीची मंडळी मुकाट्याने कांडीच्या मागे धागे ओवू लागतात. मागे धागा वाढत जातो आणि त्या रेट्याने कांडी पुढे ढकलली जाते. सूक्ष्मदर्शकाखाली तिच्यामागे धूमकेतूसारखी शेपटी दिसते. कॅलिफोर्नियात बर्कली विद्यापीठात तारो ओकावा, लॉय व्होल्कमन आणि मॅथ्यू वेल्श यांनी २०१० साली हे दाखवून दिले.

"म्हंजे," भाऊजी सावकाश म्हणाले, "ढकलनारे समदे अळीच्याच घरचे?"

सगळे. विषाणूने फक्त चिठ्ठी आणली.

हे ऐकून ते बराच वेळ चकली मोडत बसले. मारेगावच्या माणसाला हे नवे नसावे. आपल्याच घरचा माल, आपलीच माणसे, आणि चिठ्ठी दुसऱ्याची, हा व्यवहार त्यांनी बाजारात पाहिलेला आहे. पण तसे ते बोलले नाहीत. मीच माझ्या मनाने लिहितो आहे.

केंद्रकाच्या भिंतीला बारीक छिद्रे असतात. कांडी आडवी गेली तर जाणार नाही, टोकाने गेली तर जेमतेम मावते. बहुतेक विषाणू या दाराशी आपले वेष्टण टाकून देतात. ही कांडी अख्खीच्या अख्खी आत जाते. आत गेल्यावर तिच्यातला डी.एन.ए. सुटतो आणि कारखाना सुरू होतो.

कारखाना म्हणायचे तर जिनिंग-प्रेसिंगसारखा. डी.एन.ए. हा लांबलचक, फुगलेला, कशातच न मावणारा माल. त्यावर एक लाखाहून अधिक अक्षरे. त्याला दाबून बसवायला पी-६.९ नावाचे एक इवलेसे प्रथिन आहे. त्याच्यावर धन विद्युत्भार असतो, डी.एन.ए.वर ऋण, दोघे एकमेकांना चिकटतात आणि ढीग आवळला जातो. बाहेरचे पोते व्हीपी-३९ या प्रथिनाचे. गठाण तयार. पण इथे पुन्हा एक अडचण आहे, आणि तिच्यावर या विषाणूने काढलेली तोड मला सर्वांत नामी वाटते. गठाण बांधायलाही अ‍ॅक्टिन लागते, आणि अ‍ॅक्टिनची मुख्य वस्ती केंद्रकाबाहेर. तेव्हा विषाणूची सहा जनुके मिळून बाहेरचे अ‍ॅक्टिन आत ओढून आणण्याची व्यवस्था करतात. मग तोच जुना पी-७८/८३ आत बसून धागे ओवण्याचा हुकूम सोडतो. औषधाने हे धागे ओवणे थांबवले किंवा पी-७८/८३ मोडून टाकले, की गठाणी नीट तयार होत नाहीत. विषाणूचा धंदा बसतो. एकच प्रथिन, येताना प्रवासाला आणि आल्यावर बांधणीला. आमच्या शाळेत एकच शिपाई घंटा देई आणि बाकीच्या वेळी बाकेही दुरुस्त करी, त्याची मला आठवण झाली.

पहिल्या गठाणी बाहेर जाण्यासाठी असतात. जाताना त्या दुसरे वाहन घेतात. पेशीत सूक्ष्मनलिका म्हणून लांब दांडे असतात आणि त्यांवरून कायनेसिन नावाची प्रथिने अक्षरशः पाऊल टाकत ओझी वाहतात. १९८५ मध्ये त्यांचा शोध लागला. चालण्याची तऱ्हा हमालासारखी, एक पाय रोवून दुसरा पुढे. विषाणूच्या पोत्याचे व्हीपी-३९ आणि आणखी एक प्रथिन या हमालाला धरतात आणि कांडी पेशीच्या कडेला पोचते. तिथे जीपी-६४ सारखे एक प्रथिन आधीच पेशीच्या पडद्यात येऊन बसलेले असते. पडद्याचा तेवढा तुकडा पांघरून कांडी बाहेर पडते आणि शेजारच्या पेशीत शिरते. बारा-एक तासांत हे सुरू होते. पुढे मात्र हुकूम बदलतो. आता कांड्या बाहेर पाठवायच्या नाहीत, केंद्रकातच ठेवायच्या, त्यांना तिथलेच वेष्टण चढवायचे आणि वर पॉलिहेड्रिनचे थर देऊन लाडू वळायचे. पहिला माल गावातल्या गावात फिरणारा, दुसरा परगावी धाडायचा.

परगावी धाडण्यासाठी अळीला फोडावे लागते. तिची कातडी आणि पेशी विरघळवणारी दोन प्रथिने विषाणू आधीच तयार करून ठेवतो, पण ती पेशीतल्या एका कप्प्यात अडवून धरलेली असतात. म्यानात ठेवलेल्या सुऱ्याच म्हणा ना. लाडू वळून होईपर्यंत त्या बाहेर येत नाहीत. पेशी मेली की म्यान सुटते आणि अख्खी अळी पाणी होते. मरण्याआधी ती शेंड्यावर चढते हेही विषाणूच्याच फायद्याचे: वरून ओघळलेले पाणी खालच्या पानांवर पडते. जिप्सी पतंगाच्या अळीला असे वर चढवणारे विषाणूतले एक जनुक २०११ साली अमेरिकेत केली हूव्हर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओळखले. माझ्या मनगटावरचा तो ओघळ खरे तर खालच्या पानावर पडायचा होता. पत्ता चुकला.

इथपर्यंत ताई येऊन बसली होती. तिने विचारले, "पण हे कळून उपयोग काय?" शिक्षकाला हा प्रश्न आयुष्यभर ऐकावा लागतो.

उपयोगाची एक गोष्ट आमच्या पुण्यातच आहे. तिथल्या व्हायरस रिसर्च सेंटरमध्ये के. आर. पी. सिंग यांनी १९६७ मध्ये डासांच्या अळ्यांपासून पेशी काढून बाटलीत वाढवल्या, आणि त्या जगभरच्या प्रयोगशाळांत गेल्या. हीच संस्था पुढे राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था झाली. २००२ च्या सुमारास तिथे आपल्या घाटेअळीच्या भ्रूणातल्या पेशीही बाटलीत वाढवण्यात आल्या, याच जातीच्या विषाणूंच्या अभ्यासासाठी. मनात येईल की मग बाटलीतच विषाणू वाढवावा आणि शेतकऱ्यांना द्यावा. पण या कांडीची मोठी खोड आहे. बाटलीत पिढ्यान् पिढ्या वाढवली की ती लाडू वळण्याचे सोडत जाते. उघड आहे, बाटलीत ना ऊन ना पाऊस, शिदोरी कशाला बांधायची? एक प्रथिन केंद्रकाकडे वेष्टणाचा माल वाहून नेण्यास मदत करते, त्याच्या जनुकात बिघाड झालेले विषाणू बाटलीत माजतात. म्हणून शेतासाठीचा विषाणू अजूनही जिवंत अळ्यांतच वाढवतात. या अळ्या हरभऱ्याच्या पिठाच्या खाद्यावर पोसायच्या आणि प्रत्येकीला वेगळी कुपी द्यायची, कारण एकत्र ठेवल्या तर त्या एकमेकींना खातात. बेसन खाऊन भावंडांशी भांडणारे प्राणी म्हटल्यावर ताईने आपल्या नातवंडांकडे पाहिले.

आणि ज्या लाडवाची बाटलीत गरज नाही, त्याच्या जागी दुसरेच काही वळून घेता येईल, ही युक्ती टेक्सासमधल्या मॅक्स समर्स आणि गेल स्मिथ यांना सुचली. पॉलिहेड्रिनच्या जागी त्यांनी १९८३ मध्ये माणसाच्या एका प्रथिनाचे जनुक बसवले; अळीच्या पेशी ते प्रथिन करू लागल्या. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनवलेली कोव्होव्हॅक्स ही करोनावरची लस याच वाटेने आली. डिसेंबर २०२१ मध्ये तिला आपल्याकडे परवानगी मिळाली. ज्या पेशींत तिचे प्रथिन तयार होते त्या मूळ एका लष्करी अळीच्या कोषातल्या. तीच लष्करी अळी, जी २०१८ पासून आपल्याकडचा मका फस्त करते आहे. भाऊजींना ही गोष्ट मुळीच आवडली नाही. मक्यावरच्या अळीचा काही उपकार आपल्यावर असेल, हे मान्य करायला ते तयार नव्हते.

पण ताईच्या प्रश्नाचे जवळचे उत्तर निराळे होते. हा विषाणू आजवर शेतकऱ्यांनी वापरला नाही असे नाही. वापरला आणि निराश होऊन सोडला. कारण विष मारले की अळी संध्याकाळी खाली पडते. हा मारला की दुसऱ्या दिवशीही अळी मजेत शेंग पोखरताना दिसते. लोक म्हणतात, औषध खोटे. औषध खोटे नसते. आत कांड्या ढकलल्या जात असतात, गठाणी बांधल्या जात असतात, आणि त्या कामाला चार ते सात दिवस लागतात. मोठ्या अळीला आणखी. म्हणून अळी लहान असतानाच फवारावे लागते. उन्हाने विषाणू मरतो म्हणून संध्याकाळी फवारायचे, पाण्यात थोडी नीळ घालायची. पोटात गेल्याशिवाय काम नाही म्हणून पान, फूल, शेंग सगळे नीट भिजले पाहिजे. शिफारस हेक्टरी सुमारे अडीचशे मेलेल्या अळ्यांएवढ्या विषाणूची, आणि एका अळीमागे सहा अब्ज लाडू असा हिशेब धरतात.

भाऊजींनी लगेच विचारले, "गुलाबी बोंडअळीले चालंन?"

इथे मला मान हलवावी लागली. ती वेगळ्या जातीची, आणि बोंडाच्या आत बसून खाणारी. हा विषाणू तिचा नाही. २०१७ साली कपाशीवरचा खरा कहर तिनेच केला होता. तेव्हा त्यांचा पंप पूर्ण सुटत नाही, तुरीपुरता आणि हरभऱ्यापुरताच सुटतो. त्यांनी ते ऐकून घेतले. खोटी आशा दाखवली असती तर मला जास्त बरे वाटले असते, त्यांना नाही.

दुपारी आम्ही दोघे शेतात गेलो. कपाशीतल्या तुरीच्या तासांवरून चालत शेंड्याशेंड्यावर शोधले, तेव्हा एकतीस अळ्या मिळाल्या. त्या वाटायला ताईने मिक्सर दिला नाही, पाटाही दिला नाही. शेवटी गोठ्यातल्या एका फुटक्या खलात वाटून, धोतराच्या फडक्यातून गाळून, नीळ घालून पंपभर पाणी झाले. एवढ्यात सारी तूर होणार नव्हती. बांधाकडची चार तासे घ्यायची ठरवली. बाकीच्यासाठी पाडवा झाल्यावर कृषी खात्याकडे चौकशी करू, असे भाऊजी म्हणाले.

ऊन उतरले. भाऊजी पंपाचे पट्टे खांद्यावर घेऊ लागले तेव्हा सालगडी बैल सोडून बांधावर आला. त्याने पंपाचे झाकण उघडून आत वास घेतला. तोंड वाकडे केले.

"लय घान हाय," तो म्हणाला. मग थोडे थांबून, "पन डोळ्याले झोंबत नाही." आणि त्याने भाऊजींच्या खांद्यावरून पंप उतरवून घेतला. नाकातोंडावर फडके बांध, एवढे मी सांगितले. ते त्याने मी सांगण्याआधीच बांधले होते.

भाऊबीज करून मी पुण्याला परतलो. आठव्या दिवशी रात्री फोन वाजला. पलीकडून ख्यालीखुशाली नाही, काही नाही.

"मास्तर, चार तासांत सत्तावीस लटकल्या. गड्यानं मोजल्या."